खंडेनवमीला बाहेर काढलेली पाती

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या लोलाच्या हॉलमध्ये काचेचं एक कपाट होतं आणि त्यात सात पाती टांगलेली होती. दोन लांब तलवारी, चार आखूड पाती आणि एक कुऱ्हाड. जर्मनीतलं आमचं बॉन म्हणजे रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या तरी वरच्या खिडकीतून कुणीतरी खाकरणारं गाव. इथे कुणाच्या घरात एवढी हत्यारं असतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मुलीचा हात घट्ट धरून दारातच थांबले होते.

लोला हे तिचं नाव नव्हे. फिलिपाइन्समध्ये आजीला लोला म्हणतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिनंच सांगितलं, मला लोला म्हण, आणि मग मुलीच्या मागून मी आणि माझा नवराही तसंच म्हणायला लागलो. सत्तरच्या दशकात ती नर्स म्हणून जर्मनीत आली, जहाजावर इंजिनिअर असलेल्या एका जर्मन माणसाशी लग्न करून इथेच राहिली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा हॅम्बुर्गला.

पाती त्या नवऱ्यानं जमवलेली. बंदर लागलं की उतरायचं आणि एक पातं घेऊन यायचं, असा त्याचा छंद. प्रत्येकाखाली त्यानं टाइप केलेली चिठ्ठी लावली होती आणि सातही चिठ्ठ्यांवर एकच गाव होतं: फिलिपाइन्स. लोलाला त्याचा राग होता. "फिलिपाइन्स म्हणजे काय एक गल्ली आहे?" ती म्हणायची. मला तिचं म्हणणं एकदम पटलं. मी कोल्हापूरची. आमच्याकडचा ऊस तोडायचा कोयता वेगळा आणि कोकणात माडावर चढणाऱ्याचा वेगळा. दोन्हींवर कुणी नुसतं 'भारत, चाकू' असं लिहिलं तर माझंही डोकं फिरेल.

मला दुसऱ्यांची कामं अंगावर घ्यायची खोड आहे. एका हिवाळ्यात आम्ही दोघींनी मिळून सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायला घेतल्या. ती सांगायची, मी लिहायचे, चहा गार व्हायचा. सगळ्यात लांब, टोकाकडे रुंद होत जाणारं ते कांपिलान. ते दक्षिणेचं, मिंदानाओ बेटावरचं, तिथले सरदार लढाईत वापरायचे. त्याची मूठ जबडा वासलेल्या जनावरासारखी कोरलेली. नागमोडी पात्याचं ते क्रिस. त्याचं मूळ जावाकडचं, तिकडे ते खंजिराएवढंच असतं. समुद्र ओलांडून सुलूच्या बेटांवर आलं आणि तिथे त्याची तलवार झाली. पानाच्या आकाराचं, जाड पाठीचं बारोंग, तेही सुलूचं. सेबूकडचं पिनुती, पुती म्हणजे पांढरं, धार लावून लावून पातं पांढरं पडतं म्हणून. मनिलाच्या आसपासचं इताक, जे एरवी शेतात चालायचं आणि स्पॅनिशांविरुद्ध बंड झालं तेव्हा तिथेही चाललं. कुऱ्हाड उत्तरेकडच्या डोंगरातली. ती कशासाठी वापरत हे मुलीनं विचारलं की लोला म्हणायची, "लाकडं फोडायला," आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची.

सातवं पातं मात्र नवऱ्याचं नव्हतं. त्याला बिनांगोन म्हणतात. ते तिच्या वडिलांचं, पानाय बेटावरचं. वडील बांबूची घरं बांधायचे आणि हे पातं दिवसभर त्यांच्या कमरेला लाकडी म्यानात असायचं. जर्मनीला निघताना वडिलांनी ते तिच्या ट्रंकेत ठेवलं, नर्सच्या युनिफॉर्ममध्ये गुंडाळून. नवऱ्यानं त्याच्याखाली चिठ्ठी लावली होती, 'लढाऊ सुरा'. "या लढाऊ सुऱ्यानं आम्ही भावंडं पेन्सिलीला टोक काढायचो," लोला म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दोन-तीन वर्षांत तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, पर्स, आमच्या सगळ्यांचं होतं तसं. मग जर्मन शब्द गळायला लागले. पन्नास वर्षं बोललेली भाषा हातातून वाळू जावी तशी चालली आणि तिच्या खालून लहानपणीची भाषा वर आली. त्या भाषेत ती माझ्याशी भरभरून बोलायची आणि मी मान हलवत बसायचे. मला तिच्यातले चारच शब्द कळत होते. मुलगी तिच्या शेजारी बसून जर्मनमध्ये शाळेतलं सांगायची, लोला तिच्या भाषेत उत्तर द्यायची, आणि दोघी मजेत असायच्या. मला ते जमायचं नाही. समोरच्याचं कळलं नाही की माझी चिडचिड होते.

एकदा गॅसवर पातेलं जळून कोळसा झालं. मुलगा हॅम्बुर्गहून आला, डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि परतताना आमच्याकडे वर आला. सभ्य माणूस, शब्द मोजून बोलणारा. म्हणाला, "हे बघा, सकाळी नऊला फ्लेगेडीन्स्टची बाई येईल. संध्याकाळचं जेवण तुम्ही बघताच. जोवर काही घडत नाही, तोवर आई घरी राहील. पण एकदा जरी काही झालं तर मला तिला हाइममध्ये ठेवावं लागेल. एवढ्या लांबून मी दुसरं काही करू शकत नाही."

फ्लेगेडीन्स्ट म्हणजे घरी येऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणारी सेवा, आणि हाइम म्हणजे वृद्धाश्रम. लोलानं तिथेच नोकरी केली होती, तीस वर्षं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिचं डोकं लख्ख होतं, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "मला तिथे पाठवू देऊ नका. आम्ही नर्स चांगल्या होतो, कुणाला त्रास दिला नाही. पण मला माहीत आहे तिथे दिवस कसा जातो." मी म्हटलं, "मी आहे ना." हे वाक्य मी आयुष्यात फार जणांना म्हटलंय.

जायच्या आधी मुलानं कपाटाला कुलूप लावलं. दोन किल्ल्या होत्या. एक त्यानं खिशात टाकली, दुसरी मला दिली. "आईकडे नको," एवढंच म्हणाला. मला त्या किल्लीचा थोडा अभिमानही वाटला. मुलानं शेजारणीवर विश्वास टाकला याचा.

आता खंडेनवमीचं सांगते. माझ्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. आमच्याकडे खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. आदल्या दिवशी सगळी मशिनं रॉकेलनं पुसायची, पाने, छिन्न्या, ड्रिल ओळीनं मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजेत ठेवलेलं अवजार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. एका वर्षी कामगारानं पूजेतला पाना उचलून नळ घट्ट केला, तर एरवी कुणाला अरे-तुरे न करणारे माझे वडील त्याला सगळ्यांदेखत बोलले होते. मी इतकी वर्षं जर्मनीत आहे, गणपतीला मोदक विकतचे आणते, उपास कधीच सोडलेत; पण खंडेनवमीला लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा डबा, विळी आणि शिवणाचं मशीन ओळीनं मांडते. देवभोळी म्हणून नाही, वडिलांची म्हणून.

त्या वर्षी मुलगी चौदाची होती. मी तिला सांगत होते की आज शस्त्रांची पूजा असते, तर तिनं मांडलेल्या ओळीकडे बघितलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, लॅपटॉप काही शस्त्र नाही. खरी शस्त्रं तर लोलाकडे आहेत." आणि मी अक्कल पाजळली. मला वाटलं, किती सुंदर. कपाटात धूळ खात पडलेली ती सात पाती, एक दिवस तरी कुणीतरी त्यांना मान देईल. लोलालाही बरं वाटेल.

लोलाला बरं वाटलंच. हे मी खोटं सांगणार नाही, ती दुपार तिची अनेक महिन्यांतली सगळ्यात चांगली दुपार होती. सकाळी तिला बाथरूमचं दार सापडत नव्हतं. पण मी कपाट उघडलं आणि पहिलं पातं तिच्या हातात दिलं, तशी ती सरळ बसली. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन एकेक पातं पुसायला लागली, पाठीकडून धारेकडे, बोटं नेमकी कुठे ठेवायची ते हातांना पाठ होतं. प्रत्येकाचं नाव घेतलं. कांपिलान, क्रिस, बारोंग, एकही चुकलं नाही. वडिलांच्या पात्यावरून तिनं अंगठा आडवा फिरवून धार बघितली आणि मान हलवली, म्हणजे धार अजून आहे. मी ते बघितलं होतं. धार आहे हे मला माहीत होतं.

सोफ्यासमोरच्या बुटक्या टेबलावर मी पांढरी चादर अंथरली आणि सगळी मांडली. हळदकुंकू वाहिलं, बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू ठेवला. मी हात जोडले, लोलानं छातीवर क्रॉसची खूण केली. मी फोटो काढून इथल्या मराठी ग्रुपवर टाकला आणि भराभर बदाम आले. कुणीतरी विचारलं, "कुठल्या म्युझियममध्ये?"

संध्याकाळी तिला भात आणि मासा भरवून निघताना मी टेबलाकडे बघितलं. माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पाती आत ठेवून कुलूप लावावं, किल्ली त्यासाठीच दिली आहे. पण पूजा हलवायची नाही. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, सकाळी आठला येऊन उचलते, नऊला फ्लेगेडीन्स्टची बाई येईल तोवर सगळं जागच्या जागी. मग मी सवयीनं रिकाम्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन वर आले. हे नंतर मी पोलिसांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

दसऱ्याच्या सकाळी साडेसात वाजता मी पुऱ्यांची कणीक मळत होते. मागच्या अंगणातून आवाज आला. ओल्या, पोकळ लाकडावर पातं बसतं तो आवाज, एका घावातला. मी खिडकीशी गेले.

शेजारच्या इमारतीनं अंगणाच्या कडेला आडोसा म्हणून बांबू लावला होता. लोला तिथे उभी होती. नाइटगाउनवर हिवाळी जॅकेट, पायात घरातल्या सपाता. हातात वडिलांचं पातं. तिनं एक बांबू डाव्या हातानं वाकवला, बुंध्याशी तिरका घाव घातला आणि तो अलगद जमिनीवर ठेवला. असे सहा-सात तिनं आधीच तोडून ओळीनं लावले होते. मग ती उकिडवी बसली, एकाच्या तोंडाशी पातं टेकवलं, वरून थापटी मारली, आणि बांबू शेवटापर्यंत सरळ चिरत गेला. ऐंशी वर्षांची बाई. रोज शर्टाचं बटण माझ्याकडून लावून घेणारी.

मी तेव्हाच खाली धावायला हवं होतं. मी पाच-सात मिनिटं बघतच राहिले. इतकं नीटनेटकं काम मी फार दिवसांत बघितलं नव्हतं आणि मला तिचं कौतुक वाटलं. तेवढ्या वेळात शेजारच्या इमारतीतली बाई मुलाला किंडरगार्टनला न्यायला बाहेर आली, तिनं हातात भलामोठा सुरा घेतलेली म्हातारी बघितली, मुलाला उचललं, आत गेली आणि फोन केला. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

मी पोचले तेव्हा पोलीस आलेच होते. एक पुरुष, एक बाई, दोघंही तरुण. दोघंही तिला समजुतीच्या सुरात पुन्हा पुन्हा सांगत होते की हातातलं खाली ठेवा, आणि लोलाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ती त्यांच्याशी तिच्या भाषेत बोलत होती, भराभर, हसतमुख. बहुधा पट्ट्या कशा काढायच्या ते सांगत असावी, कारण मधेच एक पट्टी तिनं त्यांच्यापुढे धरली. पोलिसाचा हात कमरेकडे गेला. मी ओरडले नाही. मला कसं सुचलं माहीत नाही, मी तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसले आणि हात पुढे केला. तिनं पातं उलटं फिरवलं आणि मूठ माझ्याकडे करून दिलं. धारदार वस्तू दुसऱ्याच्या हातात जशी द्यायची असते, तशी.

पोलीस बाईनं पात्यावरच्या लाल डागाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, रंग आहे, पूजेचा, काल मी लावला. "तुम्ही लावला," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

मुलगा दुपारच्या गाडीनं आला. मी त्याला सगळं सांगितलं, वर्कशॉप, वडील, पूजा हलवायची नसते, सगळं. माझं संपल्यावर तो म्हणाला, "किल्ली तुमच्याकडे होती."

"हो."

"मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही वाईट हेतूनं काही केलं नाही." तो म्हणाला. "पण मी म्हटलं होतं, एकदा जरी काही झालं तर."

मी काय काय नाही म्हटलं. पाती आमच्या तळघरात ठेवते. माझी आठवड्यातले तीन दिवस घरून नोकरी असते, ते दिवस मी खालीच बसते. दाराला घंटा लावू. माझ्या नवऱ्यानंही त्याला दोन तास बसवून समजावलं. तो सगळं ऐकत होता आणि मान हलवत होता, आणि मला दिसत होतं की आधीच ठरलंय. त्यालाही ते नको होतं. त्याचे डोळे लाल होते. रागावला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या आठवड्यात लोलाला किती देखभाल लागते ते तपासायला एक बाई आली. तिनं लोलाला तारीख विचारली, महिना विचारला, चान्सलर कोण ते विचारलं. मग माझ्याकडे वळली. मी म्हटलं, तिला तिच्या भाषेत विचारा, तिला खूप काही येतं, तिनं बांबू कसा चिरला ते तुम्ही बघायला हवं होतं. "गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि लिहिलं. मी बोललेलं प्रत्येक वाक्य लोलाच्या विरुद्ध जात होतं. हात अजून चांगले चालतात म्हटलं तर धोका, चालत नाहीत म्हटलं तर घरी कशी राहणार.

नोव्हेंबरात तिला नेलं. पोलिसांनी नेलेलं पातं परत मागायला मुलगा गेला नाही, आणि बाकीची सहा त्यानं कुणाला दिली ते मी विचारलं नाही. घर रिकामं करायला दोन दिवस लागले. आम्ही पायऱ्यांवरून खोकी उतरवायला मदत केली. माझी मुलगी त्या दोन दिवसांत माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाती लोलाकडे आहेत असं मी म्हणाले होते, नाही?" मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुझी काही चूक नाही. तेवढं मात्र अगदी खरं होतं.

हाइम चांगलं आहे. स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत. पहिले काही आठवडे लोलाला वाटायचं की ती तिथे कामावर आहे. ती शेजारच्यांच्या उश्या सारख्या करायची, एकाची नाडी बघायची. नंतर ते थांबलं. आता ती खिडकीजवळच्या खुर्चीत असते. जेवण तिला बारीक कापून देतात, चमच्यानं खाता येईल असं.

मी दर शनिवारी जाते. दर शनिवारी कधीतरी मधेच तिला जर्मन आठवतं आणि ती मला विचारते, "वास हाब इश गेमाख्ट?" मी काय केलं? ती तक्रार करत नाही. शिक्षा झालीय हे तिला कळतं आणि कशाची ते आठवत नाही, म्हणून विचारते. बरेच आठवडे मी विषय बदलायचे. फळं दाखवायचे, मुलीचे फोटो दाखवायचे.

मागच्या शनिवारी मला ते सहन झालं नाही. मी तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. तू काही केलं नाहीस, लोला. मी केलं. किल्ली माझ्याकडे होती, पाती मी बाहेर काढली, मी ती तशीच टेबलावर ठेवून निघून गेले. तू इथे आहेस ते माझ्यामुळे. मी सावकाश, सोप्या जर्मनमध्ये बोलले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. मग तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "माख्ट निख्ट्स, किंड," म्हणाली. असू दे, पोरी. मी तिथे, त्या प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर डोकं ठेवून रडले. किती महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं.

मी डोकं वर केलं तेव्हा लोला उभी होती. तिनं कपाटातून कोट काढला होता आणि एका बाहीत हात घातला होता.

"म्हणजे मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "मग चल. घरी जाऊ."

खालच्या मजल्यावर जानेवारीपासून दुसरं बिऱ्हाड आहे. मी तिला म्हटलं, जेवून निघू. ती बरं म्हणाली, खुर्चीत बसली आणि कोट मांडीवर घेऊन जेवणाची वाट बघायला लागली.